पत्ता चुकलेले, पत्ता लपवलेले

बोरिवलीच्या नावाची एक वनस्पती आहे, माहीत आहे का तुम्हाला? क्लोरोफायटम बोरिविलियानम. घाबरू नका, आपल्या ओळखीचीच आहे. सफेद मुसळी! तीच ती, जिच्या जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात आणि शेजारचा आपल्याकडे बघत नाहीये ना याची खात्री करून आपण त्या वाचतो :-)

फादर सांतापाव नावाचे एक स्पॅनिश जेझुइट होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांनी आणि फर्नांडिस यांनी मिळून १९५५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि बोरिवलीच्या नावाने तिचं बारसं केलं. मी मीरा रोडला राहतो. बोरिवलीवरून रोजचं जाणं-येणं. वडापाव, फास्ट लोकल आणि नॅशनल पार्क सोडून बोरिवलीचं नाव आणखी कशासाठी जगभर गेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण यात एक गंमत आहे. सफेद मुसळी फक्त बोरिवलीची नाही. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, सगळीकडच्या जंगलात ती उगवते, आता तर शेतातही लावतात. नावात बोरिवली आहे ती एवढ्यासाठीच, की ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिलं तो इथला होता. म्हणजे नावातला पत्ता हा पहिल्या भेटीचा पत्ता. राहण्याचा पत्ता वेगळा असू शकतो.

याचं आणखी भारी उदाहरण म्हणजे गुटीचा निळा टॅरंट्युला. आंध्रातलं गुटी हे रेल्वेचं जंक्शन. तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत हा कोळी सापडला आणि १८९९ साली त्याचं वर्णन झालं. नंतर शंभर वर्षं कुणाला दिसलाच नाही. २००१ साली पुन्हा सापडला तो गुटीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. साहेब बहुधा लाकडाच्या ओंडक्यात बसून विदाउट तिकीट गुटीला आले होते! लोक त्याला स्टेशनवर शोधत होते आणि तो राहत होता भलतीकडेच, एका छोट्याशा जंगलाच्या तुकड्यात.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण आमच्या सोसायटीतली एक चर्चा. भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला डोंगरी गाव आहे. तिथल्या टेकडीवर मेट्रोची कारशेड करायची म्हणून बारा हजारांहून जास्त झाडं तोडण्याचा प्रस्ताव २०२५ साली आला. गावकऱ्यांनी हरकती घेतल्या, मोर्चे निघाले, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एके दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी मला गाठलं.

"अरे, तुझं काय म्हणणं आहे? मेट्रो नको तुला?"

"हवी ना काका. रोज धक्के खातोय की."

"मग? झाडं तोडतायत तर दुसरीकडे लावतायत पण. कायदाच आहे तसा."

काकांचं चूक नाही. कायदा खरंच आहे. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची असा नियम आला. चाळीस वर्षांचं झाड तोडलं तर चाळीस रोपं. कागदावर तर जंगल वाढतच जायला पाहिजे!

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, काका उतरले. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून उतरला नाही. दुसरीकडे लावलं तर काय बिघडतं?

आंबा, वड, पिंपळ यांच्या बाबतीत बरंच काही बिघडत असलं तरी ती जात संपत नाही. भारतभर लाखो वड आहेत. पण काही जीव असे आहेत की त्यांचं 'दुसरीकडे' नसतंच. जीवशास्त्रात त्यांना प्रदेशनिष्ठ म्हणतात, म्हणजे एका प्रदेशातच सापडणारे, बाकी जगात कुठेही नाहीत. आता प्रदेश केवढा यावर सगळं अवलंबून. आपली कारवी घ्या. तीही प्रदेशनिष्ठ आहे, पण अख्ख्या सह्याद्रीत डोंगरच्या डोंगर भरून आहे. याउलट काहींचा प्रदेश इतका लहान की नकाशावर पेन्सिल टेकवली तर तिच्या टोकाखाली झाकला जाईल.

मार्क हार्वी नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने २००२ साली अशा जीवांसाठी एक ढोबळ रेषा आखली. ज्या प्रजातीचा एकूण वावर दहा हजार चौरस किलोमीटरच्या आत, ती छोट्या आवाक्याची प्रदेशनिष्ठ प्रजाती. दहा हजार हा आकडा मोठा वाटतो ना? २०१४ साली पालघर वेगळा होण्याआधीचा आपला जुना ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटरचा होता. म्हणजे वसई, डहाणू, जव्हार, मुरबाड, कल्याण धरून सगळा जुना ठाणे जिल्हा त्या रेषेच्या आत बसतो. आणि ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात कित्येकांचा पसारा एखाद्या घाटाएवढा, एखाद्या ओढ्याएवढा.

असं का होतं? माझा आवडता जीव म्हणजे ट्रॅपडोअर कोळी. जमिनीत बीळ करतो आणि त्याला माती आणि रेशमाचं बिजागरी असलेलं झाकण बसवतो. मादी बहुतेक सगळं आयुष्य त्या एका बिळात काढते, आणि हे आयुष्य कित्येक वर्षांचं असतं. पिल्लं बाहेर पडली की थोडं अंतर चालतात आणि आपलं बीळ करतात. बाकीच्या कोळ्यांची पिल्लं धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर उडत जातात, यांचं तसं फारसं नाही. पिढ्यानपिढ्या एकाच टेकडीवर! मधे एक खाडी आली, एक नदी आली, की पलीकडची मंडळी हळूहळू वेगळीच होत जातात. हजारो वर्षांनी ती वेगळी प्रजाती होते. अशा कोळ्यांतल्या एकाचं, इडिओप्स बॉम्बेएन्सिसचं, वर्णन २००५ साली झालं. नावातच मुंबई. आरे कॉलनीच्या नावाचाही एक विंचू आहे, लायकस आरेयेन्सिस, २०१० सालचा. दोन कोटी लोकांच्या शहरात, तबेल्यांच्या शेजारी, एकविसाव्या शतकात नवा विंचू सापडतो याचं मला अजून नवल वाटतं.

आता या कोळ्याच्या टेकडीवरून चौपदरी रस्ता गेला, तर आपल्या दृष्टीने तो रस्ता. त्याच्या दृष्टीने ती नवीन वसईची खाडी.

आणखी दक्षिणेला जाऊ. आंबोलीला हिरण्यकेशीचं देऊळ आहे, नदीचा उगम. अनेकांनी पाहिलं असेल. तिथल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. २०२० साली तो नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला आणि नाव मिळालं शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. क्षेत्रफळ २.११ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वापाच एकर. मीरा रोडला एवढ्या जागेत एखादं कॉम्प्लेक्स उभं राहतं, क्लब हाऊससकट. त्याच आंबोलीच्या सड्यांवर, जांभ्या दगडाच्या खळग्यांत साठलेल्या पावसाच्या पाण्यात एक पिवळट ठिपक्यांचा भेक अंडी घालतो, झँथोफ्राइन टायग्रिना. त्याचं वर्णन २००९ सालचं. आययूसीएनच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाळी वीकेंडला आपण गाड्या काढून धबधबा बघायला जातो तो त्याचा लग्नाचा सीझन असतो. असो.

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. ज्याची एकच कॉपी आहे, तिला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार कर. हिरण्यकेशीचा मासा ही एकच कॉपी आहे.

तर मग अशा जीवांना वाचवायचं कसं? आधी ते कुठे आहेत हे नीट कळायला हवं. इथे मला एका घुबडाची गोष्ट सांगायची आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना ती फार जवळची वाटेल.

रानपिंगळा. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊ, मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलांपुरता प्रदेशनिष्ठ. ह्यूमसाहेबाने १८७३ साली त्याचं वर्णन केलं. नंतरच्या दहाएक वर्षांत जेमतेम काही नमुने मिळाले, त्यातले बरेचसे खानदेशातून, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने जमवलेले. १८८४ नंतर सगळी सामसूम. फक्त एक नोंद होती, १९१४ सालची, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीची. ती केली होती कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागन या नामांकित पक्षितज्ज्ञाने. सगळ्यात ताजी नोंद तीच, म्हणून शोधणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवली. घुबड काही मिळालं नाही.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्याबरोबर तो नमुना नीट तपासला. एक्स-रे काढले. पेंढा भरलेला तो पक्षी मुळात डेव्हिडसनचा निघाला! कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधून तो चोरला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि आपल्या नावाची, आपल्या तारखेची, आपल्या गावाची चिठ्ठी लावली होती. डेटाबेसमधली सगळ्यात नवीन रो बनावट होती आणि कित्येक वर्षं सगळे त्याच रोवरून क्वेरी चालवत होते.

रासमुसेन यांनी ती नोंद बाद केली आणि खऱ्या नमुन्यांचे पत्ते धरून त्या दोन सहकाऱ्यांबरोबर भारतात आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात, दिवसाउजेडी, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

पुढे तो मेळघाटात मिळाला, मध्य प्रदेशात मिळाला, आणि २०१४ साली चक्क तानसा अभयारण्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीचं जंगल, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. २०१८ साली त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आला. इतकी वर्षं तो तिथे नव्हता की कुणी बघितलं नव्हतं? दोन्ही प्रकारच्या चुका एकाच पक्ष्याच्या वाट्याला आल्या. जिथे त्या तारखेला तो नव्हता तिथे 'आहे' म्हणून नोंद, आणि जिथे होता तिथे नोंदच नाही.

हे नुसतं शास्त्रज्ञांचं गॉसिप नाही. कुठल्या जंगलाला संरक्षण द्यायचं, रस्ता कुठून वळवायचा, धरण कुठे बांधायचं, हे शेवटी नकाशावरचे ठिपके बघून ठरतं. जिथे ठिपका नाही तिथे 'काही नाही' असं धरलं जातं. खोट्या ठिपक्याने शोध भलतीकडे जातो आणि न मारलेल्या ठिपक्यावर बुलडोझर जातो.

आणि ठिपका बरोबर असला तरी प्रश्न संपत नाही. गुटीच्या निळ्या कोळ्याला जगभर मागणी आहे, पाळायला! कॅटलॉगमध्ये दर लावून विकला जातो. नवीन पाल, नवीन कोळी जाहीर झाला की कुठे सापडला ते वाचून तिथे आधी पोचतात ते गोळा करणारे. म्हणून आता उलटा प्रकार करावा लागतो. आयनॅचरलिस्ट नावाची साइट आहे, सामान्य माणसं तिथे फोटो टाकून नोंदी करतात. धोक्यातली प्रजाती असेल तर ती साइट नेमकी जागा लपवते आणि साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकून मोकळी होते. खरी जागा आत जपून ठेवलेली असते, पण नकाशा बघणाऱ्याला ती दिसत नाही.

म्हणजे बघा, पत्ता चुकीचा देण्याचे दोन प्रकार. एका कर्नलने स्वतःचं नाव व्हावं म्हणून पत्ता बदलला आणि पक्षी हरवला. दुसरीकडे जीव हरवू नये म्हणून पत्ता झाकायचा, आणि झाकलाय हे उघड सांगायचं. पहिल्यात डेटा नासला, दुसऱ्यात फक्त पासवर्ड लावला.

कोकणातल्या माणसांनी हा पासवर्ड फार पूर्वीच शोधून काढलाय. त्याला देवराई म्हणतात. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावात भालांडेश्वराची राई आहे. तिथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, मिरिस्टिका स्वॅम्प. बारमाही ओल्या चिखलात उभी झाडं, आणि श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी वाकडी मुळं. अशा दलदली केरळ, कर्नाटक, गोव्यात माहीत होत्या. महाराष्ट्रातली ही दलदल शास्त्राच्या पुस्तकात आली अगदी अलीकडे, २०१८च्या सुमारास. क्षेत्र अडीच हेक्टरच्या आसपास. नंतर तिलाही वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पण वारसा म्हणून फलक लागायच्या आधी तिला कुणी वाचवलं? देवाची जागा आहे, तिथली काठी मोडायची नाही, या एका नियमाने. त्या नियमाला रोपांची संख्या ठाऊक नव्हती. त्याला जागा ठाऊक होती. झाड वाचवा असं तो सांगत नाही, जागा वाचवा असं सांगतो. ओलावा, चिखल, सावली, वरचा झरा, सगळ्यासकट.

काका म्हणतील, मग बाटलीत, बागेत वाढवा की. तेही होतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षं काम केलंय. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. कंदिलासारखं फूल, आत गेलेली माशी थोडा वेळ कोंडून ठेवून परागकणांसकट सोडून देणारं. सह्याद्रीतल्या बऱ्याच सेरोपेजिया एकदोन कड्यांपुरत्याच उरल्यात. त्यांची रोपं विद्यापीठाने वाढवली, बागेत जपली, परत डोंगरावर नेऊन लावली. २०२३ साली विशाळगडावरून आणखी एक नवी जाहीर झाली, तिला छत्रपतींचं नाव दिलंय, सेरोपेजिया शिवरायीना. पण 'परत नेऊन लावली' यातला 'परत' लक्षात घ्या. परत न्यायला डोंगर शिल्लक पाहिजे. बॅकअप कितीही चांगला असला तरी रिस्टोअर करायला मशीन लागतंच.

यातली सगळ्यात अडचणीची गोष्ट कॅलेंडरची आहे. कंदीलपुष्प असो की सफेद मुसळी, दोघींचा कंद जमिनीत असतो. पावसाळ्यात पानं येतात, फुलं येतात, आणि हिवाळ्यानंतर वर काहीच उरत नाही. मार्च महिन्यात तुम्ही त्या टेकडीवर उभे राहिलात तर वाळलेलं गवत दिसेल. कारवीचं तर विचारूच नका. नॅशनल पार्कात ती २०१६ला फुलली, २०२४ला फुलली, आता थेट २०३२ला. मधली सात वर्षं नुसती पानं आणि काटक्या. ट्रॅपडोअर कोळ्याचं दार बंद असलं की ते आणि जमीन यांत फरक कळत नाही. झाडं मोजणारा माणूस उन्हाळ्यात टेप घेऊन येतो, बुंध्याला नंबर मारतो आणि जातो. त्याच्या यादीत फक्त उभं असलेलं येतं. खाली झोपलेलं येत नाही.

म्हणून काकांना मी नंतर सावकाश सांगितलं, की डोंगरीच्या टेकडीवर जगात कुठे नाही असं काही आहे, असा माझा दावा नाही. माझं मागणं त्याहून साधं आहे. बारा हजार झाडांच्या बदल्यात किती हजार, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की जून ते ऑक्टोबर कुणी ओळखणारा माणूस या टेकडीवर गुडघे टेकून फिरला का? त्याने काय बघितलं ते आम्हाला वाचायला मिळेल का? काहीच खास नाही असं निघालं तर निदान ते बघून म्हटलेलं असेल. आणि काही निघालं, तर ते 'दुसरीकडे' लावता येणार नाही एवढं तरी सगळ्यांना आधी कळेल.

काकांनी विचार केला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी एक पावसाळा थांबायचं?"

मी म्हटलं, "काका, मेट्रोसाठी किती पावसाळे थांबलो आपण?"

ते हसले. पटलं की नाही ते काही बोलले नाहीत.

तुमच्यापैकी ज्यांना पटलं असेल त्यांच्यासाठी एक काम. येत्या पावसात घराजवळची कुठलीही एक टेकडी निवडा. चेण्याची, येऊरची, उत्तनची, जी जवळ असेल ती. दर पंधरा दिवसांनी तिथेच जा, नवीन जागा शोधू नका. जे दिसेल त्याचा फोटो काढा, तारीख टाका, नोंद करा. काही उपटू नका, घरी आणू नका. आणि काही फारच वेगळं दिसलं तर फेसबुकवर लोकेशन टाकायच्या आधी एखाद्या जाणकाराला विचारा. पत्ता नीट लिहून ठेवायचा, पण प्रत्येकाला सांगायचा नाही.